पिंपातलं बीड

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ तेव्हाही सुटला नाही आणि आता सुटेल अशी आशा नाही. अक्षर तर असं, की वाण्याला सामानाची चिठ्ठी पाठवली तर तो उलट निरोप पाठवतो, ही हळद लिहिली आहे की हरभरे. तेव्हा हे कागद कुणाच्या हाती पडलेच तर चुका सांभाळून घ्याव्यात. मुळात ते कुणाच्या हाती पडावेत असं मला वाटत नाही.

लिहायला बसले त्याला कारण महिला मंडळ. मंडळाच्या बायकांनी गेल्या महिन्यात मला बागेबद्दल चार शब्द बोलायला उभं केलं. मी उभी राहिले, नमस्कार केला, "सीताफळाखालचा पालापाचोळा झाडू नका," एवढं म्हटलं आणि खाली बसले. बायका हसल्या. एकीने विचारलं, हे कुठे शिकलात? मी पदर सावरत राहिले. घरी आल्यावर मात्र एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवलं ते सगळं एकाच बाईचं होतं.

ती आमची घरमालकीण. घणसोली गावात खाडीच्या अंगाला तिची चाळ होती. भाडेकरू तिला तोंडावर "बाय" म्हणत आणि पाठीमागे काय म्हणत ते मी लिहीत नाही. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पाय कायम अनवाणी, आणि अंबाड्यात रोज कुठल्या तरी भाडेकरूच्या झाडाचं फूल, न विचारता तोडलेलं. तिची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. मिळालेल्या पैशातून तिने चाळ बांधली आणि चाळीपुढच्या अंगणात पुन्हा शेती मांडली. कापलेल्या पिंपांत, पत्र्याच्या डब्यांत, फुटक्या घमेल्यांत. एक मोडकी होडीसुद्धा मातीने भरून ठेवली होती, तिच्यात अळू आणि अबोली. कुणी त्याला बाग म्हटलं की ती चिडायची.

"बाग राजाची असते. ह्यं माजं शेत हाय."

आम्ही बीडकडचे, पाटोद्याच्या डोंगराच्या बाजूचे. आमच्या ह्यांना बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात काम लागलं तेव्हा आम्ही खोली शोधत पुष्कळ फिरलो. लोक आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. आम्हाला त्याची सवय होती. बायने आडनाव विचारलं नाही. ती बाजेवर बसून मिश्री लावत होती. बोट तोंडात ठेवूनच म्हणाली, "गाव कंचा?"

"बीडकडं. पाटोदा," हे म्हणाले.

"माती कसली?"

हे गोंधळले. नोकरी विचारतील, पगार विचारतील, पोरं किती विचारतील, अशी तयारी करून आले होते. "काळी," मी पदराआडून हळूच म्हटलं. "डोंगराकडं मुरमाड."

"पाऊस?"

"असला तर असतो," हे म्हणाले.

"मंग उगवतीची खोली घ्या. तुमाला उन्हाची सवय हाय. मावलतीच्या खोल्या खाडीच्या वाऱ्याच्या. तिथं कोकनातली मानसं बरी ऱ्हातात."

ती माणसंसुद्धा लावायची, झाडासारखी. कोणाला कुठली बाजू मानवेल ते ती गावावरून ठरवायची, आणि सांगायला हरकत नाही, तिचा अंदाज चुकत नसे. मंडणगडकडची एक बाई हट्टाने उगवतीच्या खोलीत राहिली होती, तिला वर्षभर डोकेदुखी. मावळतीला हलवली आणि ती गाणी म्हणायला लागली. पुढे ती माझी मैत्रीण झाली. आमच्याच समाजाची, पण माझ्या अगदी उलट, तोंडाने धबधबा.

बायच्या अटी अशा. डिपॉझिट हजार रुपये. शिवाय प्रत्येकाने आपल्या गावची गोणभर माती आणायची, गावचंच बी आणायचं, आणि आपल्या दारापुढच्या पिंपात ते वाढवायचं. झाड मेलं तर अर्धं डिपॉझिट तिचं. भिंतीत खिळा मारला तर त्याचे वेगळे. ह्या अटींमुळे तिथून निघालेल्या एकाही भाडेकरूला डिपॉझिट पूर्ण मिळालं नव्हतं. कुणाचा कढीपत्ता गेला, कुणाचा मोगरा, कुणाचं, आमच्या खोलीतल्या आधीच्या भाडेकरूसारखं, नुसतंच खिळ्यामुळे कापलं.

आमच्याकडे हजार नव्हते. माझ्या आईची बोरमाळ माझ्याकडे होती, मजुरीच्या पैशातून तिने मणी मणी जोडून केलेली. ती विकली.

मातीचं मात्र ह्यांनी हसण्यावारी नेलं. बीडहून गोणी उचलून एसटीच्या टपावर टाकायची, दादरला उतरवायची, पुन्हा बसमध्ये चढवायची, लोक काय म्हणतील. त्यांनी काय केलं, कामावरून येताना रस्त्याच्या भरावाजवळून एक गोणी काळी माती भरून आणली. दिसायला आमच्या मातीसारखीच होती. बायच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घ्या, बीडची माती."

बायने चिमूटभर माती उचलली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. स्वयंपाकात मीठ बघतात तसं. मग थुंकली आणि ह्यांच्याकडे वळली.

"ही माज्या खाजनाची माती हाय, खाडीकाठची खारी. इथं जन्म काढला मी, मना वलखत नाय काय? माजीच जमीन मना आनून देतंस?"

अंगणात सगळे भाडेकरू बाहेर आले होते. ह्यांचे कान लाल झाले. मला तर जमीन फाटावी असं झालं. मंडणगडची मागून म्हणाली, "अहो, निदान पनवेलपर्यंत तरी जायचं होतं."

बायने आम्हाला काढलं नाही. पण आमच्यापुरती अट बदलली. "यांचं झाड नुसतं जगून चालनार नाय. फल धराया पायजे. फल दावल्याबिगर डिपॉझिट देनार नाय, आनि फल नाय धरलं तर सगलं माजं. अर्धं नाय, सगलं." सगळ्यांसमोर बोलली, म्हणजे ते दगडावर कोरल्यासारखं.

पुढच्या सुट्टीत हे गावी गेले आणि खरी गोणी घेऊन आले, आणि सीताफळाच्या बिया. बायने पुन्हा चाखली. "अलनी हाय," म्हणाली, आणि खूष दिसली. अळणी म्हणजे तिच्या लेखी उत्तम. जिला खारट माती जन्मभर पुरली, तिला अळणी माती म्हणजे पेढा.

आता शेतीचं लिहिते, कारण मंडळात मला तेच सांगायचं होतं. आमची काळी माती तिकडे उन्हात भेगाळते, इकडच्या पावसात तिचा चिखलाचा गोळा होतो आणि मुळं गुदमरतात. बायने पिंपाच्या तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे घातले आणि मातीतही थोडे मिसळले. मी खाडीची रेती घालू लागले तर हातावर मारलं, म्हणाली तिच्यात मीठ असतं. पिंप विटांवर चढवलं, म्हणजे खालून पाणी निघून जाईल. कोकणच्या तांबड्या मातीला उलट पाणी धरून ठेवायची अडचण, म्हणून ती भरलेल्या होडीच्या तळाला नारळाच्या शेंड्या. आमच्याकडे पाणी साचावं म्हणून वाफा खोल करतात, तसा मी मिरच्यांसाठी केला होता. पहिल्या पावसाळ्यात मिरच्या पोहायला लागल्या. बाय म्हणाली, "तुमी पानी बोलावता, आमी पानी घालवतो." मग तिने उंच वरंबा करून दाखवला. बोअरिंगचं पाणी खारट, ते झाडाला कधी नाही, तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. हे सगळं मी आजही तसंच करते.

पण तिचं खरं वेड वेगळंच होतं. चाळीतल्या बायकांत वाचता येणारी मी एकटीच, आणि माझ्या भावाचं आंतर्देशीय पत्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचं. पोस्टमन दिसला की बाय माझ्या उंबऱ्यावर येऊन बसायची.

"वाच."

"ती. ताईस सा. न. वि. वि. आईच्या गुडघ्याचं दुखणं..."

"आजारपन ऱ्हाऊ दे. पाऊस पडला काय ते वाच."

मी पावसाची ओळ शोधून वाचायची. पाऊस नाही असं लिहिलेलं असलं की ती माझ्या सीताफळावर इरलं घालायची. इरलं म्हणजे भातलावणीला डोक्यावर घेतात ते, पानांचं. अंगणात धो धो पाऊस, सगळी झाडं न्हातायत, आणि माझं सीताफळ तेवढं इरलं घालून कोरडं उभं. बीडला पाऊस पडल्याचं पत्र आलं की इरलं काढायचं. पत्र यायला आठवडा-दोन आठवडे लागायचे हे तिच्या गावीही नव्हतं. तिचा शब्द एकच, "तिकडं नाय तर हिकडं बी नाय." येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी दार लावून घ्यायची.

भावाला मी लिहिलं, आमची मालकीण तुझ्या पत्राची फार वाट बघते. तो बिचारा प्रत्येक पत्रात तिला नमस्कार लिहायला लागला. ती नमस्कारही वाचू द्यायची नाही.

पहिल्या माघात सीताफळाची पानं पिवळी पडून गळली. बायने अख्ख्या चाळीला बोलावलं आणि जाहीर केलं, "बीड मेलं." ती भाडेकरूंना गावाच्याच नावाने हाक मारायची. मी होते बीड, माझी मैत्रीण मंडणगड. त्यामुळे आमच्या घरी त्या दिवशी कुणी तरी गेलं असं समजून एक शेजारी चहाचं पातेलं घेऊन आला.

"अगो बीड, तुझं झाड बोडकं झालं गो," मंडणगडची म्हणाली.

मला माहीत होतं, आमच्याकडे सीताफळ दरवर्षी असंच निष्पर्ण होतं. पण एवढ्या लोकांत बोलायचं कसं. मी पुढे झाले, खोडाची साल नखाने जराशी खरवडली आणि मागे आले. खाली हिरवं होतं. बायने वाकून बघितलं, ते खोड चाटलं, आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या अंबाड्यात माझ्या मिरचीचं फूल होतं. तिची क्षमा मागायची रीत ती असावी.

आणखी एक गोष्ट. पिंप कुणी जागचं हलवायचं नाही. एकदा उन्हाळ्यात ह्यांनी सावलीसाठी पिंप हातभर सरकवायला घेतलं, तर बाय घरातून विळी घेऊन धावत आली. "हात काढ. झाड रुसतं." हे हात वर करून उभे राहिले, पोलिसापुढे राहावं तसे. तेव्हा आम्हाला ते तिच्या बाकीच्या वेडांतलंच एक वाटलं.

चौथ्या वर्षी उन्हाळ्यात ऐरोलीच्या सरकारी घरांच्या सोडतीत ह्यांचं नाव लागलं. एक खोली, मोरी, आणि मागे चार पावलांची मोकळी जागा. स्वतःची. पहिले पैसे दिवाळीच्या आत भरायचे, नाहीतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला. आम्ही साठवलेले, कारखान्यातून उचल घेतलेले, सगळे एकत्र केले. बायकडचे हजार मिळाले तरच भागत होतं. एक रुपया कमी चालणार नव्हता.

हे तिच्याकडे गेले. "बाय, पोटाला चिमटा काढून घर घेतोय. डिपॉझिट द्या."

"फल दाव."

"फळ काय माझ्या हातात आहे का?"

"माती व्हती तुज्या हातात. तवा काय केलंस?"

हे परत आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सीताफळाला फुलं येत होती. दुसऱ्या वर्षापासूनच येत होती, हिरवी, जाड पाकळ्यांची, खाली मान घालून असणारी. पण सगळी गळायची. मी दारात बसून ती बघत राहायची. आईकडे डोंगराच्या उताराला सीताफळाची झुडपंच झुडपं, कुणी पाणी घालत नाही, कुणी खत देत नाही, तरी लगडलेली. लहानपणी मी फूल तोडून उघडायची तर आतून बारीक काळपट किडे निघायचे, तिळापेक्षा जरासे मोठे. ते आठवलं आणि मी उठून पिंपावरची फुलं एकेक उघडून बघितली. एकातही किडा नव्हता.

का नव्हता ते दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. बाय खराटा घेऊन अंगण झाडत होती. एक पान राहू द्यायची नाही. पिंपातल्या मातीवरचाही पाला हाताने वेचायची, वर शेणाचा सडा. अंगण ताटासारखं लख्ख. आणि आमच्या डोंगरात सीताफळाखाली वर्षानुवर्षांचा पाला कुजलेला, फुटलेली फळं सडलेली, त्यातच ते किडे वाढायचे.

हे सांगायला मला तीन दिवस लागले. दोनदा बोलायला गेले आणि "पाणी आलं का नळाला" विचारून परत आले. तिसऱ्या पहाटे ती माझ्या पिंपाशी आली तेव्हा मी सरळ खराट्याचं दुसरं टोक धरलं.

"सोड," बाय म्हणाली.

"इथं झाडू नका."

"कचरा हाय."

"असू द्या. आमच्याकडं झाडाखाली कुणी झाडत नाही. सडलेल्या पाल्यात बारकी किडी असते, ती फुलात शिरते तेव्हा फळ धरतं. तुम्ही किडीला राहूच देत नाही. चार वर्षं तुम्ही चांगलं झाडलंत म्हणून चार वर्षं फळ नाही."

बायने खराटा सोडला. "बोलता येतं काय तुला? मना वाटलं बीडला मुकी मानसं ऱ्हातात."

मग तिला ते एवढं पटलं की मीच घाबरले. त्या दिवसापासून चाळीतली केळीची सालं, आंब्याच्या कोयी, नासलेली पपई, सगळं माझ्या पिंपात. बाजारातून ती सडकी फळं मागून आणायची. वास असा सुटला की मंडणगडची नाकाला पदर लावून आली.

"बाय, आमच्या पोरांना जेवण जात नाही."

"मावलतीला ऱ्हातंस ना? खाडीचा वास चालतो आनि बीडचा नाय चालत?"

जेमतेम आठवडा गेला. मी एक फूल उघडलं तर आत तिळासारखे दोन किडे. मी बायला हाक मारली. मोठ्याने हाक मारली, हे इथे लिहून ठेवते, कारण तशी मी जन्मात कुणाला मारली नव्हती. आम्ही दोघी त्या किड्यांकडे सोन्याचे मणी सापडावे तशा बघत बसलो.

ज्येष्ठात फळं धरली. वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. काही गळली, काही राहिली. बाय रोज त्यांच्याशी बोलायची. माझ्याशी मात्र एवढंच, "फल दिसतंय. पन फल म्हंजे पिकलेलं फल. हिरवा दगड मना नको."

मग श्रावणात भावाचं पत्र आलं. बाय उंबऱ्यावर. मी वाचलं, यंदा पाटोद्याला पाऊस जबरदस्त, ओढे भरून वाहतायत, पिकं पाण्याखाली. बाय लगेच उठली आणि इरलं काढायला निघाली. बाहेर आभाळ फाटलं होतं. एवढं पाणी खालून निघालं नसतं, आणि पिंपात ते साचलं असतं तर एका रात्रीत फळं काळी पडून गेली असती.

मी तिच्या आडवी उभी राहिले. "बाय, नको."

"शब्द हाय माजा. तिकडं पाऊस तर हिकडं पाऊस."

"तिकडं डोंगर आहे. पाणी उतारानं निघून जातं. इथं पिंप आहे."

ती पावसात थांबली, निथळत. मग घरात गेली आणि हातोडा आणि जाड खिळा घेऊन आली. पिंपाच्या अंगाला, मातीच्या खालच्या बाजूला, चहूकडून तिने भोकं पाडली. आम्ही दोघींनी खोडाभोवती मातीचा उंच ढीग रचला, कडेला उतार दिला. मग तिने इरलं काढलं. पाणी ढिगावरून घसरलं, कडेला गेलं, भोकांतून चहूकडे गळायला लागलं.

"घे," बाय म्हणाली. "डोंगर केला."

तिचा शब्दही राहिला आणि माझी फळंही. पावसाळ्यात कुंडीतल्या झाडाला उंच मातीचा आधार द्यावा, हे मी त्या दिवशी शिकले. मंडळात हेही सांगायचं होतं.

भाद्रपदापर्यंत दोनच फळं उरली. एक वटवाघळाने खाल्लं. उरलेल्या एकाला बायने स्वतःच्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून बांधला. तो रोज सकाळी सोडून बघायचा, पुन्हा बांधायचा, हे काम तिचंच, मला हात लावू द्यायची नाही.

दसरा झाला. दिवाळी जवळ आली. हे रोज फळाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

"तोड की. मोठं झालंय."

"डोळे उघडले नाहीत."

"कुणाचे डोळे?"

"फळाचे. खवले फुगतात, मधल्या रेघा पिवळट होतात, तेव्हा तोडायचं. आधी तोडलं तर पिकत नाही, दगड होतो."

"आणि घर गेलं तर?"

तरी मी तोडलं नाही. एकच फळ होतं आणि बाय ते चाखल्याशिवाय राहणार नव्हती. जिला मातीचं गाव जिभेने कळतं, तिला कच्चं फळ देऊन काय मिळणार. बायसुद्धा एकदा घायकुतीला येऊन म्हणाली, "तोड गं, मना बगवत नाय." मी मान हलवली. आता चाळ माझ्या बाजूची झाली होती. लोक कामावर जाताना विचारायचे, "बीड, डोळे उघडले का?"

दिवाळी अगदी तोंडावर आली आणि एका सकाळी डोळे उघडले. मी फळ तोडलं, ज्वारीच्या डब्यात पुरून ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी ते बोटाने दाबल्यावर मऊ लागलं तेव्हा ताटलीत घालून बायच्या बाजेपाशी नेलं. मागे हे, मंडणगडची, तिची पोरं, सगळी चाळ.

बायने फळ फोडलं. एक पाकळी तोंडात घातली. डोळे मिटले, पहिल्या दिवशी माती चाखताना मिटले होते तसेच. बी एका गालातून दुसऱ्या गालात फिरत होती. कुणी हललं नाही. मग तिने बी तळहातावर काढली, पुसली आणि कनवटीला लावली.

"बीड हाय," ती म्हणाली.

ह्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

उरलेलं फळ तिने सगळ्यांना एकेक पाकळी वाटलं, स्वतःच्या हाताने. मग ह्यांना म्हणाली, "बगतंस काय? उचला पिंप. झाड घेऊन जावा तुमच्या घरी. हिकडं त्याचं काम झालं."

"पण बाय, पैसे..."

"उचला सांगतंय."

चौघांनी जोर लावून पिंप उचललं. खाली विटांच्या चौकोनात, मधल्या खळग्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्टीलचा डबा होता. बायने तो उघडला. आत आमच्याच नोटा. आमच्या, हे मी ओळखलं, कारण बोरमाळ विकून आलेले पैसे मी ज्या हिरव्या रुमालात बांधून तिला दिले होते, तोच रुमाल, तीच गाठ. चार वर्षं मी त्या झाडाला पाणी घालत होते आणि माझे पैसे माझ्याच पायाशी होते. तिने ते सोडूनसुद्धा बघितले नव्हते.

"बँकेत ठेवले की पुतन्यांना वास लागतो," बाय म्हणाली. "झाडाखाली कोन बगतंय."

तिने सगळ्यांच्या दारापुढच्या पिंपांकडे एक नजर टाकली आणि भाडेकरूंनीही टाकली. त्या दिवसापासून घणसोलीत कुणी झाडाला पाणी घालायला विसरलं नसेल.

नोटा मी मोजाव्यात म्हणून तिने रुमाल माझ्याकडे दिला. नोटांना मातीचा वास होता. हजार भरले. मी रुमाल बांधायला घेतला तेवढ्यात बायने हात पुढे केला.

"थांब. कॅलेंडरचा खिल्ला हाय तुमच्या भितीत. पाच रुपये."

आणि तिने पाचाची नोट काढून घेतलीसुद्धा. ह्यांनी माझा दंड धरला, म्हणजे जाऊ दे. पाच रुपये कुठूनही उभे करता आले असते. पण एक रुपयाही कमी नको असं मी मनाशी ठरवलं होतं, आणि त्या उन्हाळ्यापासून मला आवाज फुटला होता.

"बाय, तो खिळा आम्ही मारला नाही. आमच्या आधीच्या भाडेकरूचा आहे. त्याचे पैसे तुम्ही त्याच्याकडून कापलेत. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत."

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. मंडणगडची असणार. बाय माझ्याकडे बघत राहिली. मी तळहात पसरून उभी राहिले आणि मागे घेतला नाही.

"ह्या बीडला मी उगाच बोलाया शिकवलं," ती म्हणाली, आणि पाचाची नोट माझ्या हातावर ठेवली. पुरे हजार झाले.